स्लॉपी जो : खिमा, पाव आणि पाण्याचा हिशेब

आयोवातल्या एका लहान गावी मुलीकडे काही महिने राहिले होते. शेजारच्या आजी सत्तरी ओलांडलेल्या. एका संध्याकाळी त्यांनी मला शेगडीपाशी उभं केलं आणि म्हणाल्या, "आता बोलू नका, नुसतं ऐका." जाड बुडाच्या पसरट भांड्यात खिमा होता. आधी त्यातून रटरट असा ओला आवाज येत होता, वरणाला उकळी फुटावी तसा. पाच-सात मिनिटं गेली. रटरट मंदावली, थांबली आणि एकदम बारीक चुरचुर सुरू झाली. वाफेचा वास जाऊन भाजल्याचा खमंग वास दरवळला. आजींनी समाधानानं मान हलवली. त्यांच्या मते स्लॉपी जोचा स्वयंपाक इथं सुरू होतो. याच्या आधीचं सगळं म्हणजे नुसतं पाणी आटवणं.

स्लॉपी जो म्हणजे टोमॅटोच्या आंबटगोड रश्श्यात शिजवलेला खिमा, मऊ गोल पावात भरलेला. अमेरिकेत जन्मलेला, तिथल्या शाळांच्या जेवणघरांत आणि चर्चच्या पंगतींत वाढलेला पदार्थ. 'स्लॉपी' या शब्दाला आपल्याकडे नेमका शब्द आहे, अघळपघळ. पावाच्या कडेनं सारण ओघळणारच, हात बरबटणारच. कोरडा राहिला तर तो स्लॉपी जो नव्हेच. पण अघळपघळ दिसण्यासाठी आत फार नेटका हिशेब लागतो आणि तो हिशेब मुख्यतः पाण्याचा आहे. मांसातलं पाणी घालवायचं, रश्श्यात हवं तेवढंच ठेवायचं आणि पावात ते शिरू द्यायचं नाही. हे मला त्या ओट्यापाशी कळलं. त्याआधी मी हा पदार्थ डब्यातल्या तयार सॉसचा खाल्ला होता. लाल, गोड, गुळगुळीत. पोट भरलं, पण पुन्हा मागावासा वाटला नाही.

हा जो नेमका कोण, यावर अमेरिकेत गावागावांत दावे आहेत. सगळ्यात जुळणारी गोष्ट आयोवाचीच. मस्कटीन या मिसिसिपी नदीकाठच्या गावात फ्रेड एंजेल नावाच्या खाटकानं १९२६ मध्ये 'मेड-राइट' हे दुकान काढलं. तिथं मोकळा शिजवलेला खिमा, कांदा, लोणच्यातली काकडी आणि मोहरी पावात भरून मिळे. रस्सा नाही, टोमॅटो नाही, आणि सांडलेला खिमा वेचून खायला सोबत चमचा. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सू सिटीत, असाच सुटा खिमा 'टॅव्हर्न' नावानं विकला जात होता. तिथल्याच जो नावाच्या स्वयंपाक्यानं १९३० च्या सुमारास या सुट्या खिम्यात टोमॅटो सॉस ओतला आणि नवा पदार्थ झाला, असं आयोवात अभिमानानं सांगतात. फ्लोरिडातल्या की वेस्टचा दावा वेगळा. तिथला 'स्लॉपी जोज' हा बार जो रसेल या माणसाचा. अमेरिकेतली दारूबंदी ५ डिसेंबर १९३३ रोजी उठली, त्याच दिवशी तो उघडला. लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे तिथं नेहमीचे. बारचं नाव मात्र क्यूबातल्या हवानामधल्या त्याहून जुन्या 'स्लॉपी जोज' बारवरून घेतलेलं.

मला यात आयोवाची बाजू पटते आणि तिचं कारण त्या काळात आहे. १९२९ नंतर अमेरिकेत महामंदी आली. १९३३ मध्ये तिथल्या दर चार कामकऱ्यांमागे जवळपास एक बेकार होता. मांसाचे अखंड तुकडे परवडत नव्हते, खिमा परवडत होता. त्यात कांदा आणि टोमॅटोचा रस्सा मिळवला की अर्ध्या किलोत चौघांऐवजी सात-आठ जण जेवत. पुढं दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, मांस रेशनवर आलं तेव्हाही हाच हिशेब घरोघरी उपयोगी पडला. आमटीत पाणी वाढवून आलेल्या पाहुण्याला पानावर बसवणारी आपली आई-आजी हा हिशेब लगेच ओळखेल. १९६९ मध्ये 'हंट्स' कंपनीनं 'मॅनविच' हा डबाबंद सॉस बाजारात आणला. खिमा परता, डबा ओता, जेवायला बसा. दिवसभर नोकरी करून आलेल्या घरांची त्यानं खरीच सोय केली. पण दोन पिढ्यांची अशी समजूत होऊन बसली, की या पदार्थाला डबा लागतोच. लागत नाही. त्यातलं सगळं आपल्या फडताळात असतं.

न्यू जर्सीत मराठी माणसं बरीच राहतात, त्यांच्यासाठी एक सूचना. त्या राज्याच्या उत्तर भागात जुन्या डेली दुकानांमध्ये स्लॉपी जो मागितलात, तर राय धान्याच्या पावाच्या तीन चकत्यांमध्ये थंड मांसाचे पातळ काप, कोबीची कोशिंबीर आणि रशियन ड्रेसिंग घातलेलं भलतंच सँडविच पुढ्यात येईल. तेही चांगलं असतं, पण त्याचा याच्याशी नावापलीकडं संबंध नाही.

आता त्या रटरट आणि चुरचुरीकडं परत येते, कारण सगळी चव तिथं आहे. कच्च्या खिम्याच्या वजनात साठ टक्क्यांहून अधिक पाणी असतं. भांड्यात खिमा पडला, तापला, की तंतू आकसतात आणि हे पाणी पिळून बाहेर येतं. जोवर भांड्याच्या बुडाशी पाणी आहे, तोवर तिथलं तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या वर जात नाही. म्हणजे मांस उकडलं जातं, भाजलं जात नाही. त्याचा रंग राखाडी होतो आणि चव सपक राहते. पाणी आटून चरबी एकटी उरली की तापमान भराभर चढतं. साधारण एकशे चाळीस अंशांच्या पुढं मांसातली अमिनो आम्लं आणि साखरा यांच्यात वेगानं प्रक्रिया घडू लागते आणि शेकडो नवे गंध तयार होतात. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती मायार प्रक्रिया. भाकरीच्या पापुद्र्यावरचे तपकिरी डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास, कॉफीचा रंग, सगळीकडं हीच. रटरट म्हणजे पाणी, चुरचुर म्हणजे चरबी. कान शाबूत असले की तापमापक लागत नाही.

इथं एक अडचण मात्र आहे. सगळाच खिमा असा खरपूस केला, तर दाणे आवळून वाळूसारखे होतात आणि मग कितीही रस्सा घाला, ते मऊ होत नाहीत. आजींची युक्ती सोपी होती. अर्ध्या किलो खिम्यातला निम्माच आधी भांड्यात घालायचा, भाकरी थापतो तसा दाबून पसरायचा आणि हलवायचा नाही. हलवण्याचा मोह फार होतो, हात मागं ठेवायचा. खालून गडद तपकिरी झाला की उलटायचा, फोडायचा आणि मग उरलेला निम्मा त्यात घालून त्याचा कच्चा गुलाबी रंग जाईपर्यंत परतायचा. पहिला निम्मा चव देतो, दुसरा मऊपणा. फोडायला पावभाजीचा मॅशर इतका छान चालतो की मी आता दुसरं काही वापरत नाही. दाणे ज्वारीएवढे हवेत. मोठे गोळे राहिले तर ते पावातून निसटतात.

मीठ खिमा फुटल्यावर घालावं. आधी मीठ घालून खिमा मळला तर मांसातलं मायोसिन नावाचं प्रथिन विरघळतं आणि दाण्यांना एकमेकांशी चिकटवतं. कबाबाला ते हवंच असतं, कारण सळईवरून मांस पडता कामा नये. इथं सुटा दाणा हवा.

अमेरिकेत हा खिमा गोमांसाचा असतो, बहुधा ऐंशी भाग मांस आणि वीस भाग चरबी असा. तिथल्या अनेक मराठी घरांत त्याऐवजी टर्कीचा वापरतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल, वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे आणि कित्येक घरांत ते मांस पूर्वीही शिजत नव्हतं. तेव्हा आपल्याकडं हा पदार्थ मटणाच्या नाहीतर चिकनच्या खिम्याचा. बोकडाचं मटण चरबीला कमी आणि तंतूला चिवट. म्हणून खाटकाला खांद्याचा भाग सांगावा आणि थोडी चरबी सोबत दळून घ्यावी. खांद्यात कोलॅजन भरपूर असतं. मंद आचेवर त्याचं जिलेटिन होतं आणि त्यानं रश्श्याला ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. चिकन घेतलंत तर मांडीचं घ्या, छातीचं मांस या पदार्थात कोरडं पडतं. कोणताही खिमा घ्या, तो आतपर्यंत शिजलाच पाहिजे. अखंड तुकड्यात जंतू बाहेरच्या पृष्ठभागावर राहतात, दळताना ते सगळीकडं मिसळतात. लाल मांसाच्या खिम्याला ७१ अंश आणि कोंबडीच्या खिम्याला ७४ अंश सेल्सिअस हे अमेरिकेतलं अधिकृत प्रमाण आहे. रश्श्यात नीट उकळलेला खिमा ते सहज ओलांडतो.

खिमा बाजूला काढल्यावर भांड्याच्या बुडाशी जी तपकिरी खरवड राहते, ती फेकू नका, घासूही नका. दुधाची खरवड आपण खातोच, ही तितकीच मोलाची आहे. त्याच भांड्यात चमचाभर लोणी घालून एक मध्यम कांदा आणि अर्धी हिरवी सिमला मिरची, दोन्ही अगदी बारीक चिरून, मऊ होईपर्यंत परता. कांद्याला पाणी सुटतं आणि ते खरवड आपोआप सोडवतं. मग लसणाच्या तीन पाकळ्या ठेचून. त्यावर दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट घालून ती लाल रंग सोडून विटकरी होईपर्यंत परतायची. ती नसेल तर तीन पिकलेल्या टोमॅटोंची प्युरी घ्या आणि कडेनं तूप सुटेपर्यंत आटवा. वेळ जास्त लागेल, एवढंच. नॉनस्टिक भांड्यात खरवड नीट धरत नाही. लोखंडी कढईत टोमॅटोचा आंबटपणा लोखंड उतरवतो आणि रस्सा कळकतो. जाड बुडाचं स्टीलचं भांडं सगळ्यात बरं.

आता खिमा परत भांड्यात. पाऊण वाटी केचप, एक वाटी पाणी, दीड मोठा चमचा वूस्टरशायर सॉस, एक मोठा चमचा व्हिनेगर, एक लहान चमचा मस्टर्ड, दोन लहान चमचे ब्राउन शुगर आणि भरपूर ताजी मिरपूड. गूळ चालतो, मला तर तो जास्त आवडतो. भारतात मिळणारं केचप बरंच गोड असतं. तेव्हा साखर किंवा गूळ शेवटी, चव बघूनच घाला. डब्यातल्या सॉसचं जे बिघडतं ते इथंच, गोडाला आंबटाची आणि मिरपुडीची धार राहत नाही.

वूस्टरशायर सॉसबद्दल थोडं थांबून सांगावंसं वाटतं. इंग्लंडमधल्या वूस्टर शहरातल्या 'लिअ अँड पेरिन्स' या औषधविक्रेत्यांनी १८३७ मध्ये तो विकायला काढला. त्यात व्हिनेगर, काकवी, कांदा, लसूण, खारवलेली अँकोव्ही आणि चिंच असते. अँकोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीच्याच कुळातली मासळी आणि चिंच तर आपलीच. मुरलेल्या मासळीत ग्लुटामेट भरपूर असतं, टोमॅटोतही असतं आणि दोन्ही मिळून मांसाची चव कितीतरी दाट करतात. केचपचं मूळही असंच मासळीकडं जातं. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या होक्कियन भाषेतला तो शब्द आंबवलेल्या मासळीच्या रसाचा होता. टोमॅटो त्यात फार पुढं आला. टोमॅटो केचपची अमेरिकेत छापलेली कृती १८१२ सालची, फिलाडेल्फियातल्या जेम्स मीझ यांची. घरात वूस्टरशायर नसेल तर एक मोठा चमचा चिंचेचा कोळ, एक लहान चमचा सोया सॉस आणि चिमूटभर गूळ घाला. हुबेहूब तीच चव येणार नाही, पण जे काम तो सॉस करतो ते होतं.

आच मंद करा. गोडाचा रस्सा मोठ्या आचेवर बुडाला धरतो. चिकन किंवा टर्कीला पंधरा मिनिटं पुरतात. मटणाला झाकण ठेवून अर्धा तास तरी द्या, मधे मधे पाण्याचा हबका मारा. झालं की नाही हे ओळखायला आजींनी भांड्याच्या मधोमध चमच्यानं रेघ ओढून दाखवली. रेघ लगेच मिटली तर पाणी जास्त आहे. मिटलीच नाही तर आटलं, दोन चमचे पाणी घाला. एक, दोन, तीन मोजेपर्यंत रेघ उघडी राहिली आणि मग कडा हळूच जवळ आल्या, की उतरवा. गार होताना तो आणखी दाटतो. म्हणून किंचित सैल असतानाच उतरवलेला बरा. मी हे घरी पहिल्यांदा केलं तेव्हा भांड्यात छान दाट दिसेपर्यंत थांबले आणि ताटात पडेपर्यंत त्याचा लगदा झाला होता.

मराठी वाचकाच्या मनात एव्हाना खिमा-पाव आला असणार. यायलाच हवा. मुंबईच्या इराणी हॉटेलांत, धोबीतलावच्या १९०४ सालच्या 'कयानी'सारख्या जागी, सकाळी चहाबरोबर खिमा-पाव खाणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. खिमा हा शब्द फारसीतून आला, पाव पोर्तुगिजांच्या 'पाओ'वरून. स्लॉपी जोशी त्याचं रक्ताचं नातं नाही. दोन ठिकाणच्या माणसांना थोड्या मांसात अनेकांची पोटं भरायची होती आणि दोघांनाही तीच वाट सापडली. पण करण्यातला फरक बघण्यासारखा आहे. आपण कांदा, आलं-लसूण, टोमॅटो, मसाला हे तेल सुटेपर्यंत परततो आणि मग त्यात खिमा घालतो. म्हणजे आपण मसाल्यातलं पाणी घालवतो. ते मांसातलं पाणी घालवतात, चरबी सुटेपर्यंत, आणि मग बाकीचं घालतात. आपल्याकडं खमंगपणा वाटणातून येतो, त्यांच्याकडं मांसाच्या खरवडीतून. म्हणूनच स्लॉपी जोमध्ये गरम मसाला घालू नये, असं माझं ठाम मत आहे. तो घातला की ना धड खिमा-पाव होतो, ना स्लॉपी जो. तिखट हवं असेल तर मिरपूड वाढवा, फार तर लाल तिखटाची चिमूट.

राहिला पाव. अमेरिकेत बर्गरचा गोल पाव घेतात. आपली लादी त्या कामाला उत्तम, फक्त ताजी हवी. रस्सा पावात मुरला की खालची चकती लगदा होते आणि हातात तुटते. त्यावर उपाय पावभाजीच्या गाड्यावर आपण रोज बघतो. पाव आडवा कापायचा, कापलेल्या दोन्ही बाजूंना कडेपर्यंत लोणी लावायचं आणि गरम तव्यावर दाबून सोनेरी करायचा. भाजल्यानं वरचा थर कोरडा आणि टणक होतो, लोणी पाण्याला थोपवतं. बाहेरची बाजू भाजायची नाही, ती मऊच हवी. दोन मोठे चमचे सारण भरा, लोणच्यातल्या काकडीच्या चकत्या ठेवा, नसतील तर व्हिनेगरमधला कांदा. चीज काही जण घालतात. मला ते जड वाटतं, सारणाची धार त्यानं बोथट होते. अर्ध्या किलोत मोठे सहा पाव होतात, लादीचे असले तर आठ-नऊ.

घरी पंगत मोठी असेल तर सारण आदल्या दिवशी करून ठेवा. रात्रभरात आंबट, गोड, खारट सगळं दाण्यात मुरतं आणि ते दुसऱ्या दिवशी अधिक चांगलं लागतं, हे मी अनेकदा करून पाहिलं आहे. फ्रिजमध्ये ते तीन दिवस नीट राहतं, फ्रीझरमध्ये दोन महिने. गरम करताना अर्धी वाटी पाणी घाला आणि रेघेची परीक्षा पुन्हा घ्या. पाव मात्र पाहुणे ताटावर बसल्यावरच भाजा आणि सारण भरलेला पाव पाच मिनिटंसुद्धा ठेवू नका.